दहा शेअरचा धनी

सांडोरला फ्लॅट घेतला, असं मी लोकांना सांगतो. सोसायटीच्या सर्टिफिकेटप्रमाणे मी घेतलेत ते प्रत्येकी ५० रुपयांचे १० शेअर. झाले ५००. बाकीचे लाख कशाचे, हे त्यावर कुठंच लिहिलेलं नाही.

एजंटच्या मते ते हिरवाईचे. वसई पश्चिमेला, त्यातून सांडोरला, चौरस फुटाचा भाव केळीच्या पानांवर ठरतो. बेडरूमच्या खिडकीतून वाडी दिसते, विहीर दिसते. आमची बिल्डिंगही एके काळी वाडीच होती, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. "समोर काही होणार नाही ना?" मी विचारलं. "साहेब, शेतजमीन आहे." टोकनचा चेक वटला आणि विहिरीभोवती पत्रे लागले.

महारेरा आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, नव्या बिल्डिंगीत हिशेब कार्पेटचा. आमची त्याआधीची, त्यामुळे व्यवहार सुपर बिल्टअपवर झाला. जिन्याच्या कठड्याचा माझ्या वाट्याचा तुकडा नेमका कोणता, ते मी अजून शोधतोय.

मग कमिटीची मुलाखत. स्टिल्टमध्ये, स्कूटरींच्या मधे, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मुंबईत म्हणे मासे खाता का, हा प्रश्न नाकारण्यासाठी विचारतात. इथं खजिनदारांनी तोच विचारला, मी हो म्हणताच समाधानानं मान हलवली आणि सांगितलं, "मग कोलंबीची सालं रात्री बाहेर ठेवायची नाहीत. मांजरं पहिल्या मजल्यावर आणून टाकतात." पहिल्या मजल्यावर ते स्वतः राहतात.

फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागत नाही, असं आदर्श उपविधींत लिहिलंय. मी प्रिंट काढून नेली. सेक्रेटरींनी चष्मा पुसून ती शेवटपर्यंत वाचली. "अगदी बरोबर आहे," ते म्हणाले, "पण बँक मागेल." बँकेनं मागितली.

ट्रान्स्फर प्रीमियमला सरकारनं २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. आमच्याकडं तीच किमान समजतात. त्यावर रंगकामासाठी देणगी, स्वेच्छेनं. स्वेच्छेचा आकडा टाईप करूनच दिला होता. अशी देणगी घेता येत नाही, हेही उपविधींत आहे. पण ती प्रिंट तोवर सेक्रेटरींकडंच राहिली होती.

जमीन कोणाच्या नावावर, हे मी उगाच विचारलं. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं कन्व्हेयन्स करून द्यायचा असतो. आमच्या सोसायटीचे चार महिने अजून चालू आहेत. डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आहे, दर सर्वसाधारण सभेत तिचा ठरावही होतो. सूचक-अनुमोदक ठरलेले आहेत.

तसा वसईत सह्या करणाऱ्यांचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावानं इथंच इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. मधे १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तो लढून. मुद्रांक शुल्क नाही, एजंटचे दोन टक्के नाहीत. मी मात्र पानापानावर सही केली, अंगठा उठवला, कॅमेऱ्याकडं पाहिलं. सूची दोनमध्ये माझं नाव आलं, आणि तेही चुकलेलं नाही.

खालच्या नामफलकावर मात्र अजून आधीचे मालकच आहेत. एका नावासाठी पेंटर येत नाही. बिल्डिंगचं रंगकाम निघेल तेव्हा लिहू, असं सेक्रेटरी म्हणाले. रंगकाम कधी? देणग्या जमल्या की. म्हणजे आणखी कोणीतरी फ्लॅट विकला की. तोवर वॉचमन मला आधीच्या मालकांच्या आडनावानं हाक मारतो. टँकरचं पाणी आल्याचं तो तेवढंच सांगतो, म्हणून मी ओ देतो.