सोयाबाईंची भानगड

अहो, कानावर आलं का? परवा आमच्या भिशीत सोयाबीनवरून रण पेटलं! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पर्समधून डबी काढली आणि साबुदाणा वड्यांच्या ताटलीशेजारी अशी ठेवली, जणू सुनेचे दागिनेच. सोया आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल. पाळी जातानाचे गरम झटके थांबणार, हाडं पोलादी होणार, हृदय ठणठणीत राहणार. किंमत? साडेतेराशे! २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि लातूरच्या आमच्या मामांना बाजारात तोही मिळेना. एवढ्या पैशांत मामा सत्तावीस किलो सोयाबीन घालतील पदरात, वर चहा पाजतील.

"अमेरिकेची मान्यता आहे म्हटलं," काकू कडाडल्या.

होती ना! १९९९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने पाकिटावर छापायला परवानगी दिली. रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन घेतलं, आणि बाकीचं खाणंही कमी चरबीचं ठेवलं, तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, एवढीच. त्याआधी १९९५ मध्ये ३८ अभ्यास एकत्र करून वाईट कोलेस्टेरॉल तेरा टक्क्यांच्या आसपास उतरतं असं निघालं होतं. काय तो थाट! पुढे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००६ मध्ये हिशेब तपासला, तर उतार उरला तीन टक्के. तोही सरासरी पन्नास ग्रॅम सोया प्रथिन रिचवून! शेवटी २०१७ मध्ये प्रशासनानेच परवानगी मागे घ्यायचा प्रस्ताव मांडला. दिलेला दावा असा परत मागायची त्यांची ती पहिलीच खेप. साखरपुड्याची अंगठी परत मागण्यातला प्रकार की हो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर २०१२ मध्ये कोलेस्टेरॉल, हाडं, झटके, सगळ्यांनाच दारातून वाटेला लावलं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मान्यता होती ती प्रथिनाला. काकूंच्या कॅप्सूलमध्ये प्रथिन नावालाही नाही! वरात एकाची आणि घोड्यावर भलताच.

"पण मला गुण आलाय!" काकू हटेनात. मी हळूच विचारलं, कधीपासून घेताय? म्हणे, मे महिन्यापासून. आणि गुण कधी आला? जूनच्या मध्यावर. आता जूनच्या मध्यावर पाऊस आला, तर अख्ख्या बिल्डिंगला गुण आला होता. बरं, थट्टा सोडा, अशा चाचण्यांत नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचे झटकेही कमी होतात, काही ठिकाणी निम्म्याहून अधिक. म्हणून तर सोयाचं श्रेय वेगळं काढणं इतकं अवघड.

तेवढ्यात दुसरी कुजबुज सुरू झाली, सोयाने पुरुषांचं म्हणे 'काहीतरी' होतं! जिमवाल्या मुलाच्या आईचा चेहराच उतरला. तिला सांगितलं, बाई गं, अभ्यासांत टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसलेला नाही. एका साठीच्या गृहस्थांची छाती वाढल्याची नोंद आहे खरी, पण ते रोज पावणेतीन लिटर सोयादूध ढोसायचे. सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा बिनधास्त कर, चांगलं प्रथिन असतं.

निघताना काकू म्हणाल्या, थायरॉइडची गोळीसुद्धा मी सोयादुधासोबतच घेते, एका दगडात दोन पक्षी. मी कपाळावर हात मारला. सोयाने ती गोळी नीट शोषली जात नाही हो! तेव्हा कुठे त्या डॉक्टरांना विचारायला तयार झाल्या. डबी मात्र अजून फ्रीजवर आहे, लोणच्याच्या बरणीला टेकून.