चुना: घेण्याचा आणि लावण्याचा

उतारवयात हाडांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळीत बहुतेकदा कॅल्शियम कार्बोनेट असते. चुनखडी, संगमरवर, शंख, शिंपला, प्रवाळ, मोती आणि अंड्याचे टरफल हीदेखील मुख्यतः त्याच पदार्थाची रूपे. भिंतीला दिलेला चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि शेवटी त्याचेही तेच होते. चंद्रपूर जिल्ह्यात हा पदार्थ खाणीतून काढून सिमेंटच्या भट्टीत घालतात. पुण्या-मुंबईत तो पंधरा गोळ्यांच्या पट्टीतून काढून दुधाबरोबर घेतात. सिमेंटने इमारत उभी राहते याबद्दल दुमत नाही. गोळीने आजोबा उभे राहतात का, याबद्दल शास्त्रात मतभेद आहेत, घरात नाहीत.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत मुरलेले असते. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि रक्ताचे गोठणे चालते. या व्यवहारात हाड म्हणजे पतपेढी. साधारण तिशीपर्यंत तिच्यात ठेवी जमा होतात, पुढे भरणा कमी आणि उचल जास्त. रक्तातले कॅल्शियम घसरले की गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी ठेवीदाराला न विचारता हाडांतून रक्कम काढतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा कारभार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आटते, म्हणजे उचलीवर लक्ष ठेवणारा लेखापरीक्षकच निवृत्त होतो आणि पुढची काही वर्षे तिजोरी झपाट्याने रिकामी होते. या अवस्थेला ऑस्टिओपोरोसिस किंवा अस्थिसुषिरता म्हणतात. तिचे लक्षण असे की हाड मोडेपर्यंत ती बहुधा दुखत नाही. तरीही गुडघा, टाच, कंबर, खांदा यांपैकी जे दुखेल ते ‘कॅल्शियम कमी झाल्यामुळे’ दुखते, हा सिद्धांत सोसायटीच्या बाकावर केव्हाच मान्य झालेला आहे. म्हातारपणीचा गुडघा बहुधा कूर्चा झिजल्यामुळे दुखतो आणि झिजलेल्या कूर्चेच्या जागी गोळीतले कॅल्शियम जाऊन बसत नाही, ही बाब त्या बाकापर्यंत अद्याप पोचलेली नाही.

निदानासाठी मोफत शिबिरे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या व्याख्येनुसार हाडांच्या घनतेची तुलना निरोगी तरुणांच्या सरासरीशी करतात आणि येणारा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर ऑस्टिओपोरोसिस मानतात. हे मोजमाप कंबरेचे मणके आणि खुबा यांवर, डेक्सा नावाच्या क्ष-किरण यंत्राने करायचे असते. शिबिरात मात्र मंडप, मंडपात खुर्ची, खुर्चीपुढे पेटी आणि पेटीत टाच एवढ्यात काम भागते. टाचेच्या ध्वनिलहरी-तपासणीला ती व्याख्या लागू होत नाही, पण तिचा कागद रंगीत निघतो. बहात्तर वर्षांच्या आजींची तुलना तिशीतल्या तरुणीशी झाल्यावर रेघ हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून तांबड्यात उतरणारच. गोळ्यांचे टेबल तांबड्या कागदापासून चार पावलांवर मांडलेले असते. तेवढे अंतर ठिसूळ हाडांनाही झेपते.

किती कॅल्शियम घ्यावे, याचे उत्तर काळानुसार बदलते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१० च्या शिफारशींत प्रौढांसाठी रोजचे ६०० मिलिग्रॅम पुरेसे होते. २०२० मध्ये तेच १००० झाले आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी १२००. हाडे तीच राहिली, पुस्तकाची आवृत्ती बदलली आणि कोट्यवधी लोक एका दिवसात चारशे मिलिग्रॅमने कमी पडू लागले. हा आकडा दिवसभराच्या खाण्यासकटचा आहे, नुसत्या गोळीचा नव्हे. पेलाभर गाईच्या दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते, नाचणीच्या एका भाकरीतून पावणेदोनशे, वाटीभर दह्यातून जवळपास तेवढेच आणि चमचाभर तिळाच्या चटणीतून शंभरेक. म्हणजे जेवणाच्या ताटातच सातशेची बेरीज होते. राजगिऱ्याची पालेभाजी, शेवग्याचा पाला आणि कोकणातला काट्यासकट खाल्ला जाणारा सुका मासा हे त्यावरचे व्याज. पण नाचणी थापावी लागते, पाला निवडावा लागतो आणि सुक्या माशाच्या वासावरून शेजारी सोसायटीच्या सभेत प्रश्न विचारतात. गोळीला वास नाही.

गोळीवरचा आकडा वाचण्यासाठी थोडे गणित लागते. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटात प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. उरलेला कार्बोनेटचा भाग नुसता सोबतीला. कॅल्शियम सायट्रेटात हे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांसाठी मोबाइलवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे: रोज गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यातून किंवा वरणातून घ्या, सत्तर रोग पळतील. गव्हाचा दाणा भरतो चाळीस-पन्नास मिलिग्रॅम. चुना कोरडा आणि अगदी शुद्ध धरला, तरी त्यातून जेमतेम पंचवीस मिलिग्रॅम कॅल्शियम हाती लागते. ज्या दह्यातून तो घ्यायचा त्या दह्याच्या वाटीत त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम आधीच असते. चुना लावणे हा वाक्प्रचार अशा वेळी अक्षरशः खरा ठरतो.

पूरकांचे बाजारी प्रकार अनेक, पण खडक एकच. प्रवाळाचे, शंखाचे आणि मोत्याचे कॅल्शियम ‘नैसर्गिक’ म्हणून महाग. खाणीतले कॅल्शियम जणू कारखान्यात जन्मल्यासारखे स्वस्त. तिसरा प्रकार परदेशी. तो मुलाच्या किंवा मुलीच्या बॅगेतून तीनशे गोळ्यांच्या बरणीत येतो, दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये दर्शनी ठेवला जातो आणि मुदत संपल्यावरही फेकला जात नाही, कारण तो डॉलरमध्ये घेतलेला असतो. चौथा प्रकार कायद्याने खाद्यपदार्थ मानला जातो. त्याच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना डब्याच्या पाठीमागे वाचता येते. पुढच्या बाजूला म्हातारा धावत असतो.

ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. हे जीवनसत्त्व त्वचा स्वतःच तयार करते; त्यासाठी उन्हातले अतिनील-बी किरण लागतात. भारतात ते मुबलक मिळतात साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी दोन-तीन या वेळात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर काम चालू आहे, अशी सोपी खूण सांगतात. त्याउलट परंपरेने कोवळे ऊन पवित्र मानलेले आहे. त्यामुळे ज्येष्ठ मंडळी पहाटे साडेपाचला कानटोपी, स्वेटर आणि पायमोजे घालून फिरायला निघतात, सूर्य वर येऊ लागला की घरी परततात आणि खरे किरण पडतात तेव्हा बंद काचेच्या खिडकीशी बसून पेपर वाचतात. काच हे किरण अडवते. याच शहरात त्यांची सून डोळ्यांपुरती फट ठेवून चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळते आणि दुचाकीवरून भर दुपारी जाते. वयानुसार त्वचेची हे जीवनसत्त्व बनवण्याची ताकदही घटते. अशा रीतीने बारा महिने तळपणाऱ्या देशात ड जीवनसत्त्वाची टंचाई सांभाळून ठेवली जाते.

टंचाईवर उपाय म्हणजे साठ हजार युनिटांची पावडर. ती आठवड्यातून एकदा, बहुधा आठ आठवडे घ्यायची असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते प्रौढाला रोज ६०० युनिट पुरतात, साठीनंतर ८००. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि शरीरात साठून राहते. त्यामुळे ‘आठवड्याला’ हा शब्द ‘रोज’ असा वाचला गेला, तर रक्तात कॅल्शियम चढते, तहान लागते, पोट कडक होते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो आणि मूत्रपिंडे दुखावतात. शेवटचे लक्षण तपासणीत दिसते. आधीचे लक्षण घरच्यांना वयाचे वाटते.

सेवनाचा शास्त्रीय विधी असा: कार्बोनेट जेवणानंतर घ्यावे, कारण त्याला जठरातले आम्ल लागते, सायट्रेट केव्हाही चालते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास शोषणाचे प्रमाण घटते. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळीही सोबत घेऊ नये. लौकिक विधी असा: सकाळी तळहातावर रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यावी, मूठ तोंडाला लावावी आणि वर एक घोट पाणी. कार्बोनेटने पोट फुगते, शौचास खडा होतो. त्यासाठी रोज उपाशीपोटी ‘पित्ताची’ गोळी सुरू होते. ती जठरातले आम्ल कमी करते. आम्ल कमी झाल्याने कार्बोनेटचे शोषण घटते. शोषण घटल्याने पुढच्या तपासणीत आकडा हलत नाही, म्हणून गोळी दुप्पट होते. पित्ताच्या गोळीच्या दीर्घ वापराचा खुब्याच्या अस्थिभंगाशी संबंध निरीक्षणांत दिसलेला आहे, पण ती घरात औषध म्हणून मोजलीच जात नाही.

परिणामकारकतेची नोंद मोठी उद्बोधक आहे. १९९२ साली फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या ३,२७० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८४, बाहेर उन्हात जाणे जवळपास नाही, आहार अपुरा. ज्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड मिळाले, त्यांच्यात दीड वर्षात खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी भरले. या आकड्यावर पुढच्या अनेक जाहिराती उभ्या राहिल्या; त्यातला वृद्धाश्रम तेवढा गळाला. २००६ साली अमेरिकेतल्या ३६,२८२ हिंडत्या-फिरत्या स्त्रियांवरच्या सात वर्षांच्या चाचणीचा निकाल आला: १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड घेणाऱ्यांच्या खुब्याला ठाम म्हणता येईल असा फायदा नाही, मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे खडा पोचला, पण भलत्याच पत्त्यावर. २०१० साली ऑस्ट्रेलियातून आणखी एक निकाल आला. वर्षभराचे ड एकदाच पाच लाख युनिटांच्या मात्रेत दिलेल्या वृद्ध स्त्रिया न दिलेल्यांपेक्षा १५ टक्के जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडे २६ टक्के जास्त मोडली. २०२२ साली अमेरिकेतल्या २५,८७१ प्रौढांच्या चाचणीत रोज २००० युनिट ड घेणारे आणि नुसती बनावट गोळी घेणारे यांच्या अस्थिभंगांत फरक आढळला नाही. बनावट गोळी तुलनेने स्वस्त पडते, ही बाब अहवालात नोंदलेली नाही.

या निकालांतून निघणारा नियम पतपेढीचाच आहे: ज्याचे खाते रिकामे आहे त्याला भरण्याचा उपयोग होतो, ज्याचे पुरेसे आहे त्याला नाही. अंथरुणाला किंवा घराला खिळलेले, दूध-दही न चालणारे, स्टिरॉइड घेणारे आणि तपासणीत ड जीवनसत्त्व फारच कमी निघालेले वृद्ध यांना डॉक्टर पूरके देतात आणि ती द्यायलाच हवीत. ज्यांचे हाड एकदा मोडले आहे, त्यांच्यासाठी खरी औषधे वेगळी आहेत: आठवड्याला एकदा अनशापोटी घ्यायचे ७० मिलिग्रॅमचे अ‍ॅलेंड्रोनेट किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक आम्ल. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या दुसऱ्या औषधाने खुब्याचे अस्थिभंग ४१ टक्क्यांनी आणि मणक्यांचे ७० टक्क्यांनी कमी केले. कॅल्शियम आणि ड ही या औषधांची वऱ्हाडी मंडळी. पण खुब्यात सळई घालून घरी परतलेल्या अनेकांच्या चिठ्ठीवर वऱ्हाड सगळे असते, नवरदेव नसतो.

हाड ठिसूळ असल्याने मोडते हे खरे, पण मोडायला बहुधा आधी पडावे लागते. पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: न्हाणीघरातली ओली, चकचकीत फरशी, पलंग आणि संडास यांमधला रात्रीचा अंधार, पायपुसणे, गुंडाळी झालेली सतरंजी, आणि दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरचा डबा काढण्यासाठी स्टुलावर ठेवलेले दुसरे स्टूल. कारणेही ठरलेली: न काढलेला मोतीबिंदू, झोपेची गोळी, सैल चप्पल आणि बसून-बसून वाळलेल्या मांड्या. वजन पेलणारा व्यायाम, जिना, पुरेशी डाळ-उसळ आणि मशेरी व तंबाखू सोडणे यांनी हाडे आणि स्नायू दोन्ही टिकतात. यातले काहीही पट्टीत मिळत नाही, शिबिरात वाटले जात नाही आणि बॅगेतून पाठवता येत नाही. गोळी पाठवता येते. म्हणून ती आजोबांच्या हाडांपेक्षा मुलांच्या मनाला जास्त बळकटी देते, आणि तेवढ्यापुरती तिची परिणामकारकता वादातीत आहे.

न्हाणीघरात कमोडशेजारी भिंतीला बसवायचा स्टीलचा दांडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याला चार स्क्रू, अर्धा तास आणि प्लंबर लागतो. प्लंबर सोमवारी येतो म्हणतो. तोपर्यंत गोळी चालू ठेवतात.