फोडणीविना वरण आणि इतर दुर्मिळ पर्यटनस्थळे

मे महिन्यात कोकणात उतरणाऱ्या मराठी कुटुंबाचा मार्ग नकाशावर पाहिला तर तो देवळे, किल्ले आणि समुद्रकिनारे यांना जोडत गेल्यासारखा दिसतो. परंतु त्या कुटुंबात खाण्यापिण्याच्या बाबतीत नखरेल असे एखादे मूल असल्यास तोच मार्ग प्रत्यक्षात साधे वरण कुठे मिळेल आणि किती वाजेपर्यंत मिळेल या दोन प्रश्नांवर ठरत असतो, आणि किल्ला वाटेत आलाच तर पाहिला जातो. अशा मुलाविषयी पालक ‘तसं त्याला सगळं चालतं, फक्त तिखट नको’ एवढेच निवेदन करतात. या निवेदनाची खरी व्याप्ती पान वाढले जाईपर्यंत कळत नाही. त्यानंतर मात्र कोथिंबीर, मोहरी, कढीपत्ता, टोमॅटोचे साल, पोळीवरचा तपकिरी डाग, भाताला लागलेले वरण आणि वरणाला लागलेला भात अशी वर्ज्य वस्तूंची यादी घासागणिक वाढत जाते, आणि ताटाच्या कडेला मोहरीच्या दाण्यांची एक शिस्तबद्ध रांग उभी राहते.

या वागण्याला आहारविषयक मानसशास्त्रात नवखाद्यभीती म्हणतात. पदार्थ केवळ अपरिचित आहे एवढ्याच कारणाने तो तोंडात घालण्यास नकार देणे, असा तिचा अर्थ. ही भीती साधारणपणे दुसऱ्या वर्षापासून बळावते, सहाव्या वर्षापर्यंत जोरात असते आणि पुढे बहुतेक मुलांत ओसरत जाते. मूल ज्या वयात चालू लागून आईच्या नजरेआड होते, त्याच वयात दिसेल ते फळ तोंडात घालण्यापासून त्याला अडवणारी ही निसर्गाची तरतूद असावी, असे काही अभ्यासक मानतात. रानातल्या विषारी फळांसाठी केलेली ही तरतूद मालवणातल्या तिसऱ्यांच्या सुक्याविरुद्ध वापरली जाते, यात निसर्गाचा दोष नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६मध्ये सर्वभक्षी प्राण्याच्या कोंडीचे वर्णन केले: ज्याला सर्व काही खाता येते त्याला नव्याची ओढही असावी लागते आणि नव्याचे भयही, कारण नवे अन्न पोषक ठरू शकते तसेच जिवावरही बेतू शकते. रोझिन यांच्या मांडणीत ही ओढ आणि हे भय एकाच जिवात नांदतात. मराठी कुटुंबाच्या सुट्टीत त्यांची वाटणी होते, म्हणजे सगळी ओढ बापाकडे आणि सगळे भय मुलाकडे जाते, आणि आई मधल्या खुर्चीवर बसते.

यावर शास्त्राने उपाय सांगितलेला नाही असे नाही. मुलांच्या खाण्याच्या सवयींच्या संशोधक लीअन बर्च यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या प्रयोगांतून असे दिसले की एखादा पदार्थ जबरदस्ती न करता पुन्हा पुन्हा समोर आणला, तर आठ ते पंधरा वेळांनंतर पुष्कळ मुले तो स्वीकारू लागतात. चार दिवसांच्या सहलीत दोन्ही वेळच्या जेवणात सोलकढी समोर ठेवल्यास आकडा नेमका आठवर पोचतो, म्हणजे यश दृष्टिपथात येते त्या क्षणी गाडी घाट चढू लागते, आणि पुढची सोलकढी पुढच्या मे महिन्यात. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी जबाबदारीच्या वाटणीचे तत्त्व मांडले असून त्यानुसार काय, कधी आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे, तर खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने. घरी हे तत्त्व निर्विवाद उपयोगी आहे. प्रवासात मात्र काय हे मेनूकार्ड ठरवते, कधी हे स्वयंपाकघर ठरवते, कुठे हे मोबाइलवरील नकाशा ठरवतो, मुलाचे दोन्ही अधिकार अबाधित राहतात आणि पालकांच्या वाट्याला बिल तेवढे उरते.

उपाहारगृहाच्या निवडीचे पहिले साधन म्हणून हल्ली मोबाइलवरील अभिप्राय वाचले जातात, आणि ते वाचण्याची रीतच चुकीची असते. हे अभिप्राय प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिलेले असल्याने त्यांत ‘झणझणीत’, ‘डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा’, ‘अस्सल गावरान चव’ ही स्तुती असते आणि तिच्यापुढे पाच तारे असतात. नखरेल मुलाच्या पालकांनी ही यादी तळापासून वाचावी. ज्या ठिकाणाला कोणा संतप्त गृहस्थाने एक तारा देऊन ‘अगदीच मिळमिळीत, मसाल्याचा पत्ता नाही, आजारी माणसाचं जेवण’ असे लिहिले असेल, ते ठिकाण ताबडतोब टिपून ठेवावे. एवढी निःसंदिग्ध शिफारस दुसरी मिळणार नाही.

दुसरा सार्वत्रिक समज असा की मेनूकार्ड जितके जाड तितकी मुलाची सोय अधिक. महामार्गालगतच्या मोठ्या उपाहारगृहाचे कार्ड दोनशे पदार्थांचे असते खरे, परंतु तेथील भाज्यांचा मोठा भाग तीन-चार तयार ग्रेव्ह्यांवर उभा असतो: कांदा-टोमॅटोची तांबूस, काजू-मगजबीची पांढरी, टोमॅटो-लोण्याची मखनी आणि पालकाची हिरवी. या सकाळीच शिजवून ठेवलेल्या असतात आणि ऑर्डर आली की त्यांत पनीर, मटार किंवा मशरूम पडून पदार्थाचे नाव बदलते. तिखट आधीच शिजलेले असल्याने ‘कमी तिखट करा’ या विनंतीला स्वयंपाकघरात काढून टाकण्यासारखे काही उरलेलेच नसते. म्हणून वरून साय घातली जाते. वेटर ‘काळजी नको साहेब, मीडियम करून देतो’ असे म्हणतो आणि तो खोटे बोलत नाही, कारण त्याच्या जिभेला ते मीडियमच असते.

या सर्व व्यवस्थेत वरणाची जी गत होते ती विशेष अभ्यासण्यासारखी आहे. कार्डावर डाळ फ्राय असते, डाळ तडका असते, डाळ पालक आणि डाळ कोल्हापुरी असते, पण हिंग-हळद-मीठ घातलेले घट्ट वरण नसते. वस्तुतः मागे चुलीजवळच्या मोठ्या पातेल्यात तुरीची डाळ हळद-मीठ घालून शिजवून ठेवलेली असते. ऑर्डर आल्यावर तिच्यावर कांदा, टोमॅटो, लसूण आणि मिरचीची फोडणी पडते आणि मगच ती डाळ फ्राय होते. याचा अर्थ मुलाला हवा असलेला पदार्थ त्या इमारतीत दिवसभर उपलब्ध असतो आणि तरीही तो विकत मिळत नाही, कारण गिऱ्हाइकाला दिसणारी मेहनत फोडणीत असते आणि दर त्या मेहनतीला लावलेला असतो. शिवाय ऑर्डर संगणकातून जाते. जे संगणकात नाही ते पातेल्यात असूनही नसल्यासारखेच. अनुभवी पालक म्हणून ‘एक डाळ फ्राय, पण फ्राय करू नका’ अशी ऑर्डर देतात. ती ऐकून नवा वेटर कॅप्टनला बोलावतो, कॅप्टन ‘जैन का?’ असे विचारतो, त्याला नाही म्हटल्यावर ‘पेशंट आहे का?’ असे विचारतो, आणि याला हो म्हणणे सर्वांच्या सोयीचे असते. वाटी येते तेव्हा तिच्यावर सजावटीची कोथिंबीर असते, कारण ती टाकणारा माणूस वेगळा असतो.

तिखटाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. तिखट ही काटेकोर अर्थाने चव नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता आणि वेदना यांची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे तोंड भाजल्याचा भास होतो. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते, म्हणून मूल रडू लागताच चारी बाजूंनी पुढे येणारे पाण्याचे पेले निरुपयोगी ठरतात आणि एक चमचा दही काम करून जाते. या दृष्टीने कोल्हापूर हे सर्वांत अवघड ठाणे मानावे लागेल, आणि तेही तांबड्या रश्श्यामुळे नव्हे. तांबडा आपला स्वभाव रंगातच जाहीर करतो. धोका पांढऱ्याचा आहे. पांढरे ते आपले, असा नखरेल मुलाचा एकमेव आहारविषयक सिद्धान्त असतो, दूध, भात, दही आणि इडली यांनी तो वर्षानुवर्षे सिद्ध केलेला असतो, आणि मटणाच्या अळणीत नारळाचे दूध, खसखस, तीळ व मिऱ्याचा ठसका घेऊन आलेला पांढरा रस्सा एका घोटात तो सिद्धान्त मोडून काढतो. त्यानंतर मूल दोन दिवस दहीसुद्धा वास घेऊन खाते.

मुलांसाठी वेगळे कार्ड छापण्याची कल्पना अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलने १९२१मध्ये काढलेले कार्ड हे तिच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक, आणि दारूबंदीमुळे बुडालेले उत्पन्न मुलांच्या पोटातून भरून काढण्याचा विचार त्या काळच्या हॉटेलांनी केला, असे मानले जाते. आपल्याकडील किड्स मेनूचे वैशिष्ट्य असे की त्यातील सर्व पदार्थ एकाच रंगाचे असतात आणि त्यांच्यासोबत एकाच रंगाचा सॉस येतो. मुले ते आनंदाने खातात. पण त्यासाठी रत्नागिरीपर्यंत जाण्याची गरज नव्हती, अशी कुरकुर आजोबा करतात, आणि ती रास्त आहे.

त्यापेक्षा उडुपी उपाहारगृहाची परंपरा कितीतरी शहाणी आहे. माटुंग्याला १९४२मध्ये रामा नायक यांनी सुरू केलेल्या भोजनगृहापासून ते तालुक्याच्या एसटी स्टँडासमोरच्या ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीपर्यंत या परंपरेने एक गोष्ट सांभाळली आहे: इडली एकीकडे, सांबार दुसरीकडे, चटणी तिसरीकडे. नखरेल मुलाला पदार्थ कोणता आहे यापेक्षा तो कशाला चिकटला आहे याची चिंता अधिक असते, आणि साधा डोसा हा कशालाही न चिकटता येतो. कडेला बसलेले सांबार परत पाठवल्याने कोणाच्या भावना दुखावत नाहीत.

तरीही कोकणात शिरल्यावर खरा आधार घरगुती जेवणाचाच. दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे या पट्ट्यात घरांच्या फाटकांवर ‘घरगुती जेवणाची सोय’ अशा पाट्या असतात, आणि तेथे सकाळीच ‘किती पानं?’ या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवावे लागते, कारण स्वयंपाक पानांच्या हिशेबाने होतो आणि उकडीचे मोदक तर आधी सांगितल्याशिवाय मिळतच नाहीत. ही अट शहरी पाहुण्यांना जाचक वाटते. प्रत्यक्षात तीच मुलाच्या पथ्यावर पडते, कारण फोडणी पडण्यापूर्वी माणसाशी बोलता येते. फोन करताना ‘लहान मुलांसाठी काय मिळेल?’ असे विचारू नये, त्यावर हमखास ‘मॅगी करून देऊ’ असे उत्तर येते. ‘काकू, तुमच्याकडची मुलं आज काय जेवणार?’ असे विचारावे. मग पलीकडून ‘आमच्या नातवाला मऊ भात टाकतेच आहे, त्यात मूठभर वाढवते’ असे ऐकू येण्याची शक्यता फार मोठी असते.

दक्षिणेकडे सिंधुदुर्गात आणखी एक मार्ग उघडतो. मूल खात असलेल्या पदार्थाशी साम्य असलेला दुसरा पदार्थ द्यायचा, मग त्याच्या जवळचा तिसरा, अशा पायऱ्यांनी पुढे सरकण्याची पद्धत आहारतज्ज्ञ वापरतात. डोसा खाणाऱ्या मुलाला आंबोळी फार परकी वाटत नाही, आंबोळीनंतर पांढरेशुभ्र, जाळीदार घावन येऊ शकते, आणि नूडल्सवर जगणाऱ्याला नारळाच्या गोड रसातले शिरवाळे दाखवून पाहण्यासारखे असतात, कारण तांदळाच्या त्या शेवया दिसायला अगदी ओळखीच्या. यात एकच पथ्य आहे: ‘हे बघ, नूडल्स!’ असे कोणी म्हणू नये. फसवणुकीचा संशय आलेले मूल शिरवाळ्याचा एक धागा बोटांत धरून उजेडात पाहते आणि त्या क्षणी साखळी तुटते. गोव्यात ही यातायात कमी, कारण सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो आणि त्याच्या टोपलीतला गरम उंडो पाव लोण्याबरोबर खात मूल तीन दिवस काढू शकते. तेवढ्यात बाकीच्यांचे मासे खाऊन होतात.

उरतो प्रश्न पैशांचा. महामार्गावरील हॉटेलात न घातलेल्या फोडणीचेही पूर्ण पैसे पडतात आणि बिलावर डाळ फ्राय असेच छापून येते. घरगुती खानावळीत हिशेब वहीत किंवा कॅलेंडरच्या पाठीवर ‘मोठी ४, लहान १’ असा मांडलेला असतो, आणि लहान कोणाला म्हणावे यावर थोडी चर्चा होते, कारण एसटीत अर्धे तिकीट चुकवण्यासाठी जे मूल साडेचार वर्षांचे होते तेच किल्ल्यावर चढताना ‘आता आठ वर्षांचा घोडा झालास’ म्हणून ओरडा खाऊन आलेले असते. काकू वय विचारत नाहीत. त्या ताटाच्या कडेची मोहरी आणि जिथल्या तिथे असलेला भात पाहतात आणि ‘याचं काही लावत नाही हो, जेवलाय कुठे तो’ असे म्हणतात. अशा वेळी त्याने सात पोह्याचे पापड आणि गुळाची अर्धी वाटी संपवली आहे हे सांगावे की गप्प राहावे, याबाबत पालकांत एकमत नाही.