काकाजींचा फिरता ओटा

आमच्या गल्लीतल्या काकाजींनी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत उभा जन्म स्टोअर सांभाळलं. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरेना. अशात 2021 साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्याचं पेपरात आलं आणि काकाजींनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढल्या, आरटीओची मंजुरी मिळवली, आत स्वयंपाकघर थाटलं. लोक अशी गाडी फिरायला घेतात. काकाजींनी ती स्टोअर परत मिळावं म्हणून घेतली, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकूंना ओटा कडप्प्याचाच हवा होता. काकाजींनी तो हट्ट आकड्यांनी मोडला. इंचभर जाडीचा कडप्पा चौरस मीटरला 60 किलोच्या वर भरतो. वर तो चुनखडीचा दगड, लिंबू सांडलं की डाग. मग वॉटरप्रूफ प्लायवर पांढरंशुभ्र सनमायका बसलं आणि घरातली शांतता संपली.

"हळद जपून जी! ओटा पिवळा पडून राहिला!"

"बिनहळदीची भाजी? घरात कोनी पेशंट हाय का?"

गरम कढई ओट्यावर टेकवायची नाही. तारेची घासणी गाडीत चढवायची नाही. पाणी सांडलं की तिथल्या तिथं कोरडं करायचं, कारण सांध्यातून ते आत गेलं की प्लाय फुगतो. हे सगळं बरोबरच आहे हो, पण फोडणीला मोहरी तडतडताना माणूस मागे फडकं घेऊन उभा राहिला तर कोणती बाई खुशीनं स्वयंपाक करेल?

डब्यांची तर वेगळीच तऱ्हा. काचेच्या बरण्या बाद. इतवारीतून घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणले, प्रत्येकावर नंबर घातला, जड सामान खाली, हलकं वर, बुडाशी रबरी जाळी. कपाटांना खिट्ट्या मात्र नंतर आल्या. खिंडसीला जाताना मनसरच्या अलीकडे एका गतिरोधकावर वरचं कपाट उघडलं आणि पोह्यांचा डबा थेट काकूंच्या भावाच्या डोक्यात पडला. कपाळाला हे टेंगूळ! काकाजींनी आधी डब्याला पोचा आला का ते पाहिलं, मग नोंदवहीत लिहिलं: 'पोहे, अंदाजे पावभर, प्रवासात घट.'

सावजी मसाल्याला गाडीत अजून परवाना नाही. तर्री खायची तर टपरीवर, आणि हात धुऊनच गाडीत पाय ठेवायचा. खिंडसीला काकूंनी शेगडी उचलून झाडाखाली नेली आणि तिथं रस्सा केला. काकाजींनी दोनदा वाढून घेतला.

काकूंनी खरा सूड उगवला तो मे महिन्यात. पारा 45 च्या वर, काचा बंद करून गाडी उन्हात उभी. काकूंनी पांढऱ्या ओट्यावर जुनी साडी अंथरली आणि मुंगवड्या घातल्या. चिमण्या नाहीत, धूळ नाही, वावटळ आली तरी धावपळ नाही. उन्हानं सनमायकाचे काठ उचलतील, असं काकाजी कळवळून म्हणाले.

"उचलले तं चिकटवा. मुंगवड्या वर्षभर खाच्या हायत."

आता गल्लीतल्या कुरड्या, पापड, सगळं तिथंच वाळतं. काकाजी दारात वही घेऊन बसतात. आवक, जावक, सही. माणूस खुलला आहे. तेव्हा पेंचला जायला कोणी त्यांची गाडी मागणार असाल तर जून लागू द्या. मे महिन्यात मागाल तर उत्तर काकू देतील.