पाच घरं आणि शेवटी ळ

अहो, ऐकलंत का? तुम्ही नेमक्या कोजागिरीला माहेरी, म्हणून म्हटलं आपणच आधी कानावर घालावं. नाहीतर तीन नंबरवाल्या तिखटमीठ लावून सांगणार. मी आपलं झालं तेवढंच सांगते हं.

यंदा गच्चीवर हाऊजी नको म्हणून शाळेतल्या बाईंनी शब्दकोडं केलं. चौकटी आखून, झेरॉक्स काढून. बक्षीस एक लिटर शेंगदाणा तेल, घाण्यावरचं! इकडे दूध आटतंय, तिकडे माणसं पेन्सिली चावताहेत... दुधात केशर म्हणाल तर नावाला, वर्गणी मात्र... जाऊ दे. तर काय सांगत होते, नऊ आडवा. 'विरोधाभासी शब्दजोडी', घरं पाच. उभ्यात नारळ येत होता, म्हणजे शेवटचा ळ सगळ्यांना फुकट. बाईंचं उत्तर 'ओला दुष्काळ'. आणि बँकेतले रिटायर्ड काका उठले की कागद नाचवत! त्यांचं 'शांत गोंधळ'. मोजा तुम्ही बोटांवर. पाचच.

बाई म्हणाल्या, "असं कुणी बोलतं का? संबळ न वाजवता गोंधळ घालणार?" झालं, काका पेटले. म्हणे, "तुमच्यातच विरोध नाही. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. तो ओला असेल, कोरडा असेल. लोक कोरडा दुष्काळ म्हणतातच की!" बाईंचा चेहरा असा झाला हो, पेल्यातलं दूध फाटावं तसा. एवढं कोडं रचलं बिचारीने, आणि खरं सांगू, मलाही क्षणभर काकांचं पटलं.

तेवढ्यात दोन नंबरच्या वहिनी. त्यांचं माहेर लातूरकडचं. एरवी तोंडातून शब्द नाही. म्हणाल्या, "आमच्याकडे सोयाबीनला झाडावरच कोंब फुटले होते. पाण्यात उभं पीक, आणि घरात दाणा नाही. याला विरोध नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?" गच्ची गप्प. नुसता पळीचा आवाज.

मग बाईंना जोर आला. म्हणाल्या, विरोधाभासात विरोध वरवरचा असतो, आत अर्थ जुळतो. तुमचा तो वदतोव्याघात, स्वतःचं बोलणं स्वतःच खोडणारा. 'माझी आई वांझ आहे' म्हणावं तसा. आमच्या सासूबाईंनी एवढंच ऐकलं आणि "कुणाची आई गं?" म्हणून दचकल्या! त्यांना समजावताना पुरेवाट. पण मी म्हणते, परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या घरात काय असतं? शांत गोंधळच ना? मी बोलले नाही हो. बाई शेजारीच बसलेल्या.

आमची सूनबाई इंग्लिश मीडियममधली. ती मध्येच म्हणते, "ऑक्सिमोरॉन हा शब्दच ऑक्सिमोरॉन आहे. ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण, मोरॉस म्हणजे मठ्ठ." सासूबाई फट्‌कन म्हणाल्या, "म्हणजे आपला दीडशहाणा!" आणि सगळ्यांच्या माना वळल्या त्या काकांकडेच. काकूंनी तर पदर तोंडाला लावला. सूनबाई पुढे सांगत बसली, १९१३ साली न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये आर्थर विनने पहिलं कोडं छापलं ते शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं, पण ऐकतंय कोण!

मग उपासाची मिसळ निघाली. कुणी म्हणे हाच खरा विरोधाभास. कुणी म्हणे छे, ती एकादशी दुप्पट खाशी. तिच्यात घरं किती हे कुणी मोजलंच नाही.

काका हटेनात. "मुळात दुष्काळ या शब्दात पाऊस नाहीच. मूळ बघा, मूळ! बक्षीस माझं." बाई शांतपणे उठल्या, तेलाची बाटली उचलली. म्हणाल्या, "मूळच बघायचं ना? तेल हा शब्द तिळावरून आलाय. तिळाचं ते तेल. मग शेंगदाण्याचं तेल कसं हो असेल? तुमच्या हिशोबाने या बाटलीत तेलच नाही. न्या रिकामी!"

काय सांगू, काकांचा चेहरा! उघडलेलं तोंड मिटेना. काकू मात्र सगळ्यात मोठ्याने हसल्या, बघा.

आता बाटली? बाई म्हणतात ज्याचं बरोबर त्याला, काका म्हणतात कमिटीने ठरवावं. कमिटी म्हणजे आमचे हे, आणि यांचा काय निर्णय होणार, तीस वर्षं बघतेय मी. बाटली आपली माझ्याच ओट्यावर. ठेवून ठेवून खवट व्हायची, हो ना? म्हणून काल जरा... संध्याकाळी या की, चकल्या छान खुसखुशीत झाल्यात. काकूंना बोलावलंय. काकांना नाही.