कान ज्याचा त्याचा

२०१८च्या मे महिन्यात अमेरिकेतून एक ध्वनिफीत निघाली आणि फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन धडकली. एक पुरुष एकच शब्द उच्चारतो. कुणाला तो ‘लॉरेल’ ऐकू येतो, कुणाला ‘यॅनी’. एरवी या ग्रुपवर सुप्रभातची फुलं आणि पित्तावरचे काढे यांपलीकडे काही हलत नाही. त्या दिवशी मात्र मंडळी हमरीतुमरीवर आली.

मला स्वच्छ ‘लॉरेल’. हिला तितकंच स्वच्छ ‘यॅनी’. “अहो, लॉरेल कुठून काढलंत?” तिने विचारलं, जणू तो शब्द मीच घरी बनवला होता.

वास्तविक वादाला जागाच नव्हती. जे ऑब्रे जोन्स नावाच्या ऑपेरा गायकाने २००७ साली एका ऑनलाइन शब्दकोशासाठी ‘लॉरेल’ हाच शब्द वाचला होता. पण या फिरत्या फितीत खालच्या पट्टीतले ध्वनी एक सांगतात, वरच्या पट्टीतले दुसरंच. कान खाली गेला की लॉरेल, वर गेला की यॅनी. शिवाय वय वाढलं की वरच्या पट्टीतलं आधी कमी ऐकू येतं. हे शेवटचं वाक्य भाच्याने ग्रुपवर टाकायला नको होतं. हिने ते मोठ्याने वाचलं, दोनदा, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

त्यात आमचे अण्णा. पंच्याहत्तरी उलटलेली, श्रवणयंत्र कायम डबीत. तेही म्हणाले ‘यॅनी’! संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन कान तरुण असल्याचं जाहीरही करून आले. मोबाइलचा चिमुकला स्पीकर खालचे आवाज गिळतो, म्हणून यॅनीचं पारडं जड होतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ऐकू आलं नाही.

मला खरी धास्ती घातली ती रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने. १९७० साली त्याने इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दाचा एक ध्वनी कापून तिथे खोकला चिकटवला. ऐकणारे जवळजवळ सगळे म्हणाले, शब्द पुरा आहे, मध्ये कुणीतरी खोकलं एवढंच. मेंदूने गाळलेली जागा परस्पर भरली होती, मालकाला न विचारता!

म्हणजे मिक्सर चालू असताना ही स्वयंपाकघरातून बोलते, तेव्हा मी ऐकत नसतो, रचत असतो. आणि मेंदूला हटकून सुचतं काय, तर “राहू द्या, तुमच्याच्यानं नाही व्हायचं.” प्रत्यक्षात तिने कोथिंबीर मागितलेली असते. मी “आलोच” म्हणतो, ते तिच्यापर्यंत “थांब जरा” होऊन पोचतं. वॉरनच्या माणसांनी जागा भरताना वाक्याच्या अर्थाचा आधार घेतला. आम्ही संसाराचा घेतो.

परवा मिक्सर बंद होता, पंखाही बंद. तिने विचारलं, “दळण आणलंत का?” मी म्हणालो, “आणलं.” हे मात्र तिने अगदी बरोबर ऐकलं, आणि उठून पिठाचा डबा उघडून पाहिला.