डावीकडचे खोकलेबुवा

आमच्याकडे येणारा मित्र दारात चपला काढतो आणि आत येऊन स्पीकरवर हेल्मेट ठेवतो. स्पीकर कमरेएवढे उंच, वरून सपाट. ते हेल्मेटसाठीच बनवलेत याबद्दल मित्रमंडळात एकमत आहे. पूर्वी मी ओरडायचो. पण आता दुसऱ्या स्पीकरवर बायकोनेच मनीप्लांट ठेवलाय, त्यामुळे ओरडायला तोंड राहिलेलं नाही.

मग ठरलेले प्रश्न. आमचा सीए विचारतो, "केवढ्याला पडलं रे हे सगळं?" बायकोला सांगितलेलाच आकडा मी त्याला सांगतो. तो निम्मा आहे. तरीही सीए हळहळतो, "एवढ्यात केवढा मोठा टीव्ही आला असता!" बँकेतल्या मित्राला फक्त ब्लूटूथ आहे का एवढंच जाणून घ्यायचं असतं. नाही म्हटलं की तो माझ्याकडे, कर्जाचे हप्ते थकलेल्या खातेदाराकडे बघतात तसं बघतो.

खरी अडचण मित्रांची नाही, भूमितीची आहे. स्टिरिओ हा मुळातच अप्पलपोटा प्रकार. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला, तरच गाणारा समोर मधोमध बसल्यासारखा वाटतो आणि साथीदार आपापल्या जागी दिसू लागतात. त्या तिसऱ्या कोनावर खुर्ची मावते एकच. चौघे आले की एक जण स्वर्गात आणि तिघे कोचावर पोहे खात.

शिवाय एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत असते, सुई जेमतेम दोन ग्रॅम वजनाने खाचेतून सरकत असते, किशोरीताईंचा भूप उलगडत असतो, आणि कोचावरून विचारणा होते, "पंखा वाढवू का?" बरं, पंखा वाढवला की मनीप्लांटची पानं स्पीकरच्या जाळीवर टकटक करतात.

लहान तुकड्यांचा प्रयोगही करून पाहिला. गौहर जान यांची १९०२ साली कलकत्त्यात झालेली ध्वनिमुद्रणं तीनेक मिनिटांचीच. शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. कुणाचं गाणं कोणतं हे तिथल्या लोकांना कळावं म्हणून ही सोय. मित्रांना त्यातली घोषणा तेवढी बेहद्द आवडली. गाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मग एका रविवारी मी एका जुन्या मैफलीची एलपी लावली. यंत्राची ताकद दाखवायची म्हणून सहज बोलून गेलो, "आता नीट ऐका, श्रोत्यांमध्ये डावीकडे एक गृहस्थ खोकतात."

आणि काय सांगू, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! खोकला आला. आमचा डॉक्टर कोचावरून ताडकन उठला. "परत लाव." सीएला खुर्चीतून उठवून तो स्वतः बसला, डोळे मिटून. मी सुई मागे नेली. इतकं तल्लीन होऊन या घरात याआधी मीसुद्धा काही ऐकलेलं नाही. "कोरडा नाही," डॉक्टर म्हणाला, "कफ आहे. आणि माणूस बिडी ओढणारा."

त्यानंतर खुर्चीसाठी नंबर लागले. बुवा पुन्हा खोकतात का, हे बघायला सगळ्यांनी ती अख्खी बाजू ऐकली. खोकतात, द्रुत बंदिशीत. मधल्या वेळात ते उठून पाणी पिऊन आले असावेत, असं बँकवाल्याचं मत. छे, शेजारच्याने खडीसाखर दिली असणार, असं सीएचं. गवयाचं नाव तिघांपैकी एकालाही आजतागायत सांगता येणार नाही. खोकणाऱ्याचं मात्र बारसं झालं. खोकलेबुवा! आता फोन येतो तोच मुळी, "रविवारी मोकळा आहेस ना? बुवांना ऐकायला येतोय."

परवा डॉक्टर आपल्या मेहुण्याला घेऊन आला. त्याला खुर्चीत बसवलं, स्वतः मागे उभा राहिला. मेहुणा बिचारा काहीतरी विचारायला गेला, तर डॉक्टरने त्याला खांदा दाबून गप्प केलं. "थांब रे, ही तान संपू दे. समेच्या आधी दोन मात्रा, डावीकडून येतील बुवा."